गोळीमागून चहाचा घोट

९ जानेवारी

चि. खारूताईस, आजीचा कागदावरूनच एक घट्ट मुका.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते. हात ओले आणि चष्मा सापडेना, म्हणून वरच्या शिंपीणबाईंना हाक मारली. त्या तोंडात टाचण्या धरूनच खाली आल्या आणि टाचण्यांमधूनच वाचायला लागल्या. "आजी, तू पणजी होणार" एवढं वाचलं आणि सगळ्या टाचण्या खाली. मग आम्ही दोघी जमिनीवर बसून टाचण्या वेचतोय, हसतोय आणि डोळे पुसतोय. एक टाचणी अजून सापडली नाही. तिच्यावर बसायचा मान माझाच दिसतोय. बसेन. आज मला काही टोचणार नाही.

पणजी! अगं, परवापर्यंत तूच एवढीशी होतीस. तुझी आई गेल्यावर चार वर्षांची माझ्याकडे आलीस, ती बटणं, स्क्रू, तुटकी साखळी, मिळेल ते गालात नाहीतर खिशात साठवत. म्हणून तर खारूताई. आता घड्याळांच्या दुकानात तेच करतेस आणि लोक त्याला कारागिरी म्हणतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोनच कप चहा सांगितला हे वाचून मला आधी रागच आला. छापखान्यात तीस वर्षं बावीस माणसांना चहा करून पाजला मी. शाळा तिसरीपर्यंत, बाकीची अक्षरं तिथल्या रद्दीतून शिकले, पण चहाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. मग शांत बसून विचार केला, तर बाईंचं खरं आहे. आमचा मशीनवाला आठवतो? सुट्टीच्या दिवशी त्याचं डोकं ठणकायचं. बायकोला वाटायचं, दिवसभर आपलं तोंड बघून दुखतं. भांडणं व्हायची दोघांची. दोष होता चहाचा! कामाच्या दिवशी माझे सहा कप, आणि घरी बायको देणार एक. डोकं दुखणार नाही तर काय?

तेव्हा तू एकदम तोडू नकोस. दर दोन दिवसांनी अर्धा कप असा कमी कर. मीही तुझ्याबरोबर कमी करते. माझे नऊ होतात. (आठ म्हणणार होते, पण पणजीने खोटं लिहू नये.)

शिडीरावांना आशीर्वाद. एवढा उंच नवरा आणि त्यात घरं रंगवायचा धंदा, शिडीचा खर्च नाही, हे मी लग्नातच म्हटलं होतं. बाळाची उंची त्यांच्यावर जाऊ दे, बाकी सगळं तुझ्यावर.

तुझी,
आजी (पणजी!)


२४ जानेवारी

ती. आजी,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि इतकी हसले की मालक भिंगातून वर बघायला लागले. भिंगातून त्यांचा डोळा बशीएवढा दिसतो.

तू म्हणालीस तसंच केलं. पाचावरून साडेचार, चार, असं करत काल दोनवर आले. पहिले तीन दिवस डोकं असं ठणकलं की दुकानातली सगळी घड्याळं माझ्या कपाळातच टिकटिकत होती. मग उतरलं. आणि एक गंमत सांगू? माझा हात स्थिर झालाय. चिमटा धरला की आधी टोक बारीक थरथरायचं, मला वाटायचं वय झालं. एकोणतिसाव्या वर्षी! मालक म्हणाले, "वय नाही पोरी, चहा." त्यांनी म्हणे वीस वर्षांपूर्वीच सकाळचा चहा काम झाल्यावर प्यायला सुरुवात केली.

डॉक्टर म्हणाल्या, चहातलं कॅफिन एरवी पाच-सहा तासांत अर्धं उतरतं, पण पोटात बाळ असलं की खूप जास्त वेळ रेंगाळतं आणि बाळापर्यंतही पोचतं. त्याला बिचाऱ्याला ते पचवता येत नाही. म्हणून दोन लहान कप. लहान म्हणजे आपल्या घरातले नव्हेत, बरं का. तुझ्या कपात माझे दोन बसतात.

बाकी सगळं झकास. बाईंनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात, रोज एक. ती मी अगदी तू लावलेल्या शिस्तीने घेते, गोळी जिभेवर आणि मागून चहाचा घोट. दोनातला सकाळचा कप त्यासाठीच राखलाय. शिडीराव म्हणतो, तू गोळीसाठी चहा घेतेस की चहासाठी गोळी?

तू नऊवरून किती आलीस? खरं सांग.

तुझी,
खारू


८ फेब्रुवारी

चि. खारूताईस, अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक टपली, मला "खरं सांग" म्हटल्याबद्दल.

खरंच सांगते, तीनवर आले. आणि चारनंतर एकही नाही. काय सांगू तुला, मी झोपते! आडवी झाले की सकाळ. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारपणी झोप येतच नाही. अगं, येत होती बिचारी, मीच तिला दारात चहा पाजून परत पाठवत होते. छातीत धडधड व्हायची, तीही थांबली. ती तुला कधी सांगितली नव्हती. आता थांबल्यावर सांगते. आणि तासातासाला न्हाणीघराच्या फेऱ्या व्हायच्या, त्याही कमी झाल्या. शिंपीणबाई म्हणतात, तुमच्या चपलांचा आवाज येईनासा झाला, मला वाटलं गावाला गेलात.

पण उरलेल्या चहापत्तीचा डबा भरलेला, तो काय टाकून द्यायचा? मी तिचे उद्योग काढलेत. पत्ती उकळून, धुऊन, वाळवून जुन्या मोज्यात भरते आणि बुटांत घालते. वास पार जातो. (शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या बुटांत घातली. त्या म्हणाल्या, आजी, मोजा पुरणार नाही, उशीचा अभ्रा द्या.) गार झालेल्या फिक्या चहाने आरसा पुसला, लख्ख झाला, पण त्यात मी दिसले तेव्हा वाटलं, कशाला पुसला. कांदा चिरल्यावर ओली पत्ती हाताला चोळायची, वास राहत नाही. संध्याकाळी पाय सुजले की कोमट चहाच्या पाण्यात बुडवून बसायचं. तूही बस. पायांनी प्यायलेला चहा डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात धरायचा नाही.

बाळाला गुंडाळायला दुपटं शिवणार आहे. माझी जुनी पांढरी चादर धुऊन धुऊन लोण्यासारखी झालीय. पांढरं फार डोळ्यावर येतं, म्हणून चहात बुडवून बदामी करणार.

गोळी चहाबरोबर घेतेस हे वाचून जीव सुखावला. तुला आठवतं का? तू कडू औषध तोंडात धरून बसायचीस, गाल फुगवून, तासभर. खारच! मग मी गोड चहाचा घोट दिला आणि गट्टकन गेलं. तेव्हापासून आपल्या घरात औषध म्हटलं की चहा. एवढी शिकलीस, दूर गेलीस, तरी आजीचं काहीतरी लक्षात ठेवलंस गं.

तुझी,
आजी


२७ फेब्रुवारी

ती. आजी,

उशीर झाला लिहायला. दुकानात काम फार होतं.

मी बरी आहे. थोडी दमते, पण ते चालायचंच म्हणतात. डॉक्टरांनी गोळ्या दोन केल्यात. म्हणजे आता माझ्या दोन्ही कपांना एकेक सोबतीण मिळाली. पायांना चहा पाजून पाहिला, बरं वाटलं.

दुपट्याची वाट बघतेय. जास्त लिहीत नाही, हात दुखतो.

तुझी,
खारू


६ मार्च

ती. आजींना नमस्कार.

मी शिडी. मला पत्र लिहिता येत नाही, भिंत असती तर लिहिली असती. तिला न सांगता लिहितोय, तेव्हा तुम्हीही तिला सांगू नका.

ती बरी नाही. तिच्या अंगात रक्त कमी आहे. जानेवारीत तपासलं तेव्हा आकडा साडेआठ निघाला, अकराच्या वर हवा असतो. तिने तुम्हाला ताकदीच्या गोळ्या लिहिलं, त्या रक्त वाढवायच्या, लोहाच्या गोळ्या आहेत. महिनाभर घेऊन परत तपासलं तर आठ पूर्णांक दोन! वाढायचं सोडून उतरलं. मग दोन गोळ्या केल्या. मागच्या आठवड्यात ती दुकानात खुर्चीवरून उठली आणि तिथेच कोसळली. लागलं नाही कुठे, पण मालकांनी घरी बसवलंय. काम फार होतं वगैरे तिने लिहिलं ते खोटं. तुम्ही काळजी कराल म्हणून.

डॉक्टर म्हणतात, बाळ थोडं लहान वाटतंय. मेच्या सुरुवातीपर्यंत आकडा वर सरकला नाही तर दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध देऊ, आणि पुढे बाळंतपणात रक्त गेलं तर हिच्याकडे शिल्लक काही नाही. हे त्या मला बाहेर बोलावून म्हणाल्या.

मी सगळं करतो. पालेभाजी, डाळी, अंडी, समोर बसून खायला घालतो. गोळी एक दिवस चुकलेली नाही, चहा मी स्वतः करून देतो. गोळीने तिला मळमळतं, तरी घेते. रंगाचा पहिला हात भिंत पिऊन टाकते हे मला कळतं, पण दुसरा, तिसरा हात दिला तरी भिंत कोरीच, असं कधी पाहिलं नव्हतं.

तुमच्या घराण्यात असं कोणाला होतं का? डॉक्टर विचारत होत्या.

आपला,
शिडी


१३ मार्च

चि. शिडीरावांना आजीचे आशीर्वाद.

लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तिला मी काही बोलणार नाही. घराण्यात असं कोणाला नव्हतं. तिची आई गेली ती तापाने.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग शिंपीणबाईंकडे गेले, तिथे नुसतीच बसले. त्यांनी मशीन थांबवलं आणि मला दोरा ओवायला दिला. शहाणी बाई आहे.

तुम्ही करताय त्यात काही कमी नाही. माझी लेक असती तरी याहून जास्त केलं नसतं. एक सांगते. गोळीने मळमळतं ना, मग चहा जरा कडक करा, आलं ठेचून घाला आणि गोळी त्याच्याबरोबरच द्या. म्हणजे पोटात ठरेल. खारीला चहाच्या घोटाशिवाय औषध जात नाही, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही काळजी करू नका. काळजी मी करते, माझ्याकडे वेळ आहे. तुम्ही फक्त शिडीवर चढताना खाली बघून चढा.

आजी


२९ मार्च

खारू, बाळा,

हे पत्र उभ्याउभ्या लिहितेय. औषधवाल्याच्या दुकानातून फोन केला, पण मी काय बोलले ते शिडीरावांना कळलं की नाही कोण जाणे. फोनमध्ये मला माझाच आवाज ऐकू येतो, दुसऱ्याचा येत नाही. म्हणून सगळं नीट लिहिते.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. आजपासून नको. चहा दोन तास आधी नाही, दोन तास नंतर नाही.

आता कसं कळलं ते ऐक. आज सकाळी दुपट्याचं कापड रंगवायला घेतलं. मोठं पातेलं रिकामं नव्हतं, म्हणून मागच्या दारची जुनी लोखंडी बादली घेतली. आतून गंजलेली होती, घासली, पण गंज काही सगळा गेला नाही. म्हटलं, असू दे. त्यात कडक चहा उकळून ओतला आणि कापड बुडवलं. तासाने उचललं तर बदामी कसलं! काळं, खारू. आमच्या छापखान्याच्या शाईसारखं काळं. पाणीही काळं. मी घाबरून शिंपीणबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "अहो आजी, चहात लोखंड गेलं की काळंच होणार. आम्ही करडा रंग असाच काढतो, चहात गंजके खिळे टाकून. चहा लोखंडाला धरतो, मग सोडत नाही. कितीही धुवा."

चहा लोखंडाला धरतो, मग सोडत नाही.

मी त्या बादलीकडे बघतच राहिले गं. माझ्या डोळ्यांपुढे तुझी गोळी आणि तिच्या मागून चहाचा घोट. रोज. दोनदा. आणि मी परत वर लिहिलं, कडक करा.

तशीच ओल्या काळ्या हातांनी औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, आधी सांगा, हाताला काय लावलंय?" मी म्हटलं, "हात मरू दे, लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर काय होतं?" तो म्हणाला, "अर्धी वाया जाते, कधी त्याहून जास्त." मी म्हटलं, चहातलं ते कॅफिन का? तर म्हणाला, नाही, झोप उडवतं ते कॅफिन, आणि तोंडाला तुरट लागतं ते वेगळं. ते तुरट लोहाला पोटातच मिठी मारून बसतं. अंगाला लागूच देत नाही, आलं तसं बाहेर घेऊन जातं. बघ, मी समजत होते चहात एकच चोर आहे. दोन निघाले! एकाला आपण दाराबाहेर काढला आणि दुसऱ्याच्या हाती रोज किल्ल्या देत राहिलो.

तो म्हणाला, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आंबटाने लोह चांगलं अंगी लागतं. आणि डॉक्टरांना हे सगळं सांगा. सांगशील ना? लाजू नकोस. म्हणावं, माझी आजी अडाणी आहे, तिने लावलेली सवय.

शिडीरावांनी मला सगळं लिहिलं होतं. मी शब्द दिला होता सांगणार नाही म्हणून, तो मोडला. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव. मला चालेल.

आजी


५ एप्रिल

माझी आजी,

आधी फोनचं सांगते. शिडी फोन कानापासून हातभर लांब धरून उभा, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, "चहा! लोखंड! माझंच चुकलं!" याला वाटलं, चहाचं लोखंडी भांडं तुझ्या पायावर पडलं. तो ओरडतोय, "आजी, पाय गार पाण्यात घाला!" आणि तू ओरडतेयस, "एक थेंबही देऊ नका!" शेवटी औषधवाल्याने फोन घेतला आणि सांगितलं. मग हा ओट्याशी बसला. चहा तोच करून देत होता ना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "पाकिटावर पाण्याबरोबर लिहिलंय, वाचलं नाही?" अगं, रोज वाचत होते मी! पण आपल्या घरात चहा म्हणजे उकळलेलं पाणीच ना! मला कधी वेगळं वाटलंच नाही. त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी "घेता ना?" एवढंच विचारत होते, "कशाबरोबर?" हे विचारलंच नाही.

आता एक गोळी सकाळी उठल्याबरोबर, दुसरी रात्री, दोन्ही लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा दुपारी एकच, जेवणानंतर दोन तासांनी. आकडा मेच्या पहिल्या आठवड्यात बघणार. वाढला असेल तर दवाखाना टळेल.

तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल तू मला माफ कर. मला वाटलं, तू एवढी आनंदात आहेस, तुझा आनंद का नासवा. दुकानात पडले तेव्हा डोळे उघडल्यावर पहिला विचार आला, हे आजीला कळता कामा नये. मी लहान असताना तुझा कप फुटला की लपवायचे, तसं.

आणि माझ्यावर रागाव म्हणतेस? आजी, तो घोट तू दिला नसतास तर मी एकही औषध प्याले नसते. या शिडीवर मात्र दोन दिवस रागावले होते. आता सोडला राग. वरचा डबा काढायचा होता.

तुझीच,
खारू


२० एप्रिल

चि. खारूताईस,

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. माफी कसली मागतेस. आपण दोघी सारख्याच. मीही छातीतली धडधड लपवलीच होती. पण आता ठरवू या. मी तुला खरं लिहायचं, तू मला खरं लिहायचं, आणि शिडीरावांनी दोघींचं खरं दोघींना लिहायचं.

मन मात्र मानत नाही गं. वाईट बुद्धीने केलेलं चुकलं तर माणूस कान धरतो आणि मोकळा होतो. हे मायेने केलेलं होतं, त्याचा कान कुठे असतो? छापखान्यात किती जणांना मी म्हटलं असेल, घ्या, गोळी घ्या, हा चहा. मोठं पुण्य केल्यासारखं. शिंपीणबाईंना विचारलं तर त्यांच्याही लोहाच्या गोळ्या चहाबरोबरच चाललेल्या! ज्या बाईने मला चहा-लोखंडाचा धडा दिला ती बाई! कापडाचं माहीत होतं, पोटाचं नव्हतं. मी म्हटलं, "काय हो, तुम्ही स्वतःला आतून करडं करताय की काय?" त्या इतक्या हसल्या की शिवण वाकडी गेली.

पण हसून झालं की परत मे महिना आठवतो. भाजी घ्यायला गेले तर लिंबंच उचलते, भाजी विसरते. घरात अठरा लिंबं झालीत. औषधवाल्याला रोज विचारते, किती दिवसांत वाढतं? तो रोज सांगतो, तीन-चार आठवडे. काल म्हणाला, "आजी, रोज विचारलंत म्हणून लवकर नाही वाढणार." मी म्हटलं, विचारायला काय जातं, तुम्ही सांगत राहा.

आकडा कळला की फोन करू नकोस. फोनवर मला एक ऐकू येतं आणि मी दुसरंच समजते. लिहून पाठव. आकडा मोठ्या अक्षरात काढ.

तुझी वाट बघणारी,
आजी


६ मे

आजी,

९.९

मोठा काढलाय ना? शिडीने त्याच्या ब्रशने काढला, म्हणून कागदाला लाल रंगाचा वास येतोय.

पाच आठवड्यांत आठ पूर्णांक दोनवरून! डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. दवाखान्यात ठेवायची गरज नाही, गोळ्या अशाच चालू ठेवा म्हणाल्या. बाळानेही वजन घेतलंय. मी जिना चढते आणि वर पोचल्यावर बोलू शकते. पुढच्या सोमवारपासून दुकानात अर्धा दिवस जाणार, मालकांनी माझी खुर्ची बदलून हातांची आणलीय, पडू नये म्हणून.

आता एक मागते, नाही म्हणू नकोस. जुलैमध्ये ये. तू म्हणशील, घर कोण बघेल, मला गाडीत बसवत नाही, मी अडाणी बाई तिकडे काय करू. आजी, मला भीती वाटते. रक्ताची नाही, नुसतीच. माझी आई असती तर तिला बोलावलं असतं. तू ये.

शिडी घ्यायला येईल.

खारू


२५ जुलै

प्रिय शिंपीणबाई,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. नेहमी वर तोंड करून हाक मारायची सवय. इथेही दोनदा छताकडे बघून हाक मारली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ घाबरून खाली आले.

मुलगी झाली! चार दिवस झाले. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. आदल्या आठवड्यात तपासलं तेव्हा खारूचा आकडा अकराच्या वर गेला होता. बाळंतपणात रक्त गेलं, जायचं तेवढंच. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन शिडीरावांना म्हणाल्या, "दोघी उत्तम आहेत," आणि एवढा मोठा माणूस दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. बसल्यावर माझ्याएवढा झाला. मग मला त्यांच्या डोक्यावरून हात फिरवता आला.

डॉक्टरीणबाई मला भेटल्या. मी म्हटलं, चहावाली आजी ती मीच, काय शिक्षा द्यायची ती द्या. त्या म्हणाल्या, आता येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, गोळी कशाबरोबर घेता? दहातल्या चारजणी म्हणतात, चहाबरोबर. बघा! म्हणजे आपण दोघीच शहाण्या नव्हतो.

खारू उठून बसते, जेवते, माझ्याशी भांडते. काल मी तिची खालची पापणी ओढून बघितली. ती म्हणाली, "आजी, बास, दिवसातून सहादा बघतेस." मी म्हटलं, माझे डोळे, माझी नात. आत कशी गुलाबी झालीय म्हणून सांगू. मार्चमध्ये कशी असेल ते मी बघितलं नाही, आणि ते बरंच झालं.

आणि धाकटी! तिला अजून नाव नाही, पण आवाज असा की मला चष्म्याशिवायही दिसते. रडायला लागली की आधी कान लाल होतात, मग कपाळ, मग छाती, आणि पाच मोजेपर्यंत पार टाचांपर्यंत लालबुंद. इतकं रक्त, बाई, इतकुशा जिवात! खारू म्हणते, आजी, उचल ना तिला, काय बघत बसतेस.

उचलते हो. पण आधी टाचा लाल होऊ देते.

तुमची,
खालची आजी